शरणस्थान : ससिक-रक्षणाच्या लीळेवर एक दृष्टान्त

ससिक-रक्षणाची लीळा ऐकली नाही असा उपदेशी विरळाच. रानात पारधी ससा उठवतात, श्वान मागे लागतात, पळण्यास दिशा उरत नाही, आणि तो भयभीत जीव धावत येऊन आसनस्थ असलेल्या सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींच्या जानूखाली रिघतो. मागोमाग पारधी येऊन उभे राहतात. ससा पैजेचा आहे, तो सोडावा, अशी त्यांची विनंती. पैज म्हटली की मान आला, मान आला की शस्त्र आले. म्हणजे त्या घटकेला प्रश्न एका सशाच्या मांसापुरता उरलेला नव्हता.

निरूपणकार येथून सामान्यतः अहिंसेच्या विषयाकडे वळतात, व ते युक्तच आहे. तथापि या लीळेत अहिंसेच्या निरूपणाआधी एक गोष्ट घडून जाते. ती म्हणजे सशाने केलेली स्थानाची निवड. झुडूप, खळगा, उभ्या पिकाची दाटी ही त्याची नित्याची लपण्याची ठिकाणे. ती सर्व त्याने त्या दिवशी टाकली. का टाकली? कारण ती सर्व पारध्याला ठाऊक होती. पारध हे शास्त्रच मुळी जनावराच्या आश्रयस्थानांचे ज्ञान आहे. ज्या जिवाचा आसरा जितका अवघड, तितका त्याचा पारधी अधिक अभ्यासू. हे विधान सशाच्या उदाहरणाने पुरते उमगत नाही, कारण सशाचा आसरा दुबळा असतो. म्हणून ज्याचा आसरा जगातील अत्यंत बळकट आसऱ्यांपैकी एक आहे, अशा एका प्राण्याचा दृष्टान्त येथे घ्यावयाचा आहे. आपल्या परंपरेत दृष्टान्त आधी पूर्णपणे सांगून मग दार्ष्टान्तिक लावतात. तोच क्रम येथे ठेवला आहे. पारधीचे इतके वर्णन निरूपणात कशाला, अशी शंका कोणाच्या मनात आल्यास त्यांनी दार्ष्टान्तिकापर्यंत धीर धरावा.

उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागात, रॉकी पर्वतापासून अलास्काच्या दक्षिण किनाऱ्यापर्यंत, एक शुभ्र लोकरीचा प्राणी राहतो. त्याला तिकडे ‘माउंटन गोट’, म्हणजे पहाडी बकरा, असे म्हणतात. नावाने बकरा असला तरी प्राणिशास्त्रज्ञ त्यास खऱ्या शेळी-बोकडांच्या प्रजातीत घालीत नाहीत. जगातील असे सुमारे निम्मे बकरे एकट्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात आहेत. प्रौढ नर शंभर किलोपर्यंत, क्वचित त्याहून अधिक भरतो. शिंगे काळी, वीतभर किंवा थोडी अधिक लांब, आणि ती नर-मादी दोघांनाही असतात. या शेवटच्या गोष्टीचे पुढे काम पडणार आहे.

या प्राण्याला वेग नाही. लांडगा, अस्वल किंवा प्यूमा नावाचे मोठे मांजर यांच्यापुढे सपाटीवर त्याचा निभाव लागणे कठीण. त्याचे सारे बळ कड्यात आहे. खुराचा कडेचा भाग कठीण आणि आतील गादी मऊ व खरखरीत असल्यामुळे चार बोटे रुंदीच्या कपारीवरही त्याचे पाऊल ठरते. चाळीस अंशांहून अधिक उतार असलेल्या ताशीव खडकापासून तो सहसा फार दूर जात नाही. चरावयास हिरवळीवर उतरला तरी कडा चार उड्यांत गाठता येईल इतके अंतर राखतो. करडू जन्मल्यावर दिवस-दोन दिवसांतच आईमागे खडक चढू लागते, आणि उतारावर आई बहुधा त्याच्या खालच्या अंगास उभी राहते, हेतू हा की पाय निसटला तर ते तिच्या अंगावर यावे. जो भक्षक येणार तो खालून येणार, अशी या जातीची पिढ्यान्‌पिढ्यांची धारणा आहे. करडांवर झडप घालणारा गरुड सोडला, तर ती धारणा खरीही आहे. म्हणून तो कपारीवर बसून रवंथ करतो तेव्हा त्याची दृष्टी दरीकडे असते.

पारध्याची विद्या येथून सुरू होते.

अनुभवी शिकारी प्रथम पाय चालवीत नाही, डोळे चालवतो. समोरच्या उतारावर बसून तो दुर्बिणीने तासन्‌तास कडा न्याहाळतो. वितळून उरलेले बर्फाचे डाग आणि बसलेले बकरे दुरून सारखेच दिसतात. डाग हलला की तो बकरा. मग नर की मादी हे ठरवायचे. नराची शिंगे बुडाशी जाड असतात आणि त्यांचा बाक एकसारखा असतो. मादीची बारीक असतात आणि टोकाशी एकदम मागे वळतात. हा भेद अर्ध्या मैलावरून ओळखणे सोपे नाही. त्यानंतर तो जनावर जेथे आहे तेथे गोळी लागली तर काय होईल याचा विचार करतो. देह कपारीवर राहील, की शेकडो फूट खाली जाऊन चुरा होईल? आणि राहिला, तर तेथवर माणसाला पोचता येईल काय? उत्तर प्रतिकूल असेल तर विवेकी शिकारी बंदूक उचलत नाही. जनावर जागा बदलेपर्यंत थांबतो, कधी दिवस मावळतो, कधी रिकाम्या हाती परततो.

अनुकूल असेल तर तो सरळ वर जात नाही. मधल्या सोंडेला वळसा घालून, दुसऱ्याच घळीने, बकऱ्याच्या दृष्टीआड राहून तो शिखराकडे चढतो आणि त्याच्या माथ्यावर येतो. यास दोन कारणे आहेत. एक वर सांगितले: बकरा खाली पाहतो. दुसरे वाऱ्याचे. ऊन चढू लागले की डोंगरउतारावरील हवा तापून वर सरकते, आणि खालून येणाऱ्या मनुष्याचा वास आधीच कड्यावर पोचवते. वरून येणाऱ्याचा वास मात्र त्याच हवेबरोबर आकाशात निघून जातो. सूर्य कलल्यावर हवा उलटी वाहू लागते, तेव्हा हा सारा हिशेब मोडतो. म्हणून या शिकारीत घटका-पळांना महत्त्व असते. निसरडा खडक, नवे बर्फ, पाठीवरचे ओझे, हातापायाची बधिरता, एकांत, मौन, अल्प आहार, चित्ताची एकाग्रता. कड्यावरून पडून शिकारी मेल्याच्या घटनाही घडतात. हे सारे ऐकून कोणी म्हणेल की हे तर तपच झाले. बाह्य लक्षणांनी पाहिले तर तपाशी त्याचे साम्य आहे हे नाकारण्यात अर्थ नाही. कित्येक साधकांना इतका नेम साधत नाही. परंतु कर्माचे स्वरूप त्यातील कष्टांवरून ठरत नसते. ते कष्ट कोणत्या जिवाच्या कोणत्या गतीसाठी केले, यावरून ठरते.

गोळी लागल्यानंतरची गोष्ट मुद्दाम सांगावयास हवी. हा प्राणी चिवट आहे. बहुधा जागच्या जागी कोसळत नाही. अंगात बळ आहे तोवर तो कड्याच्या धारेकडे सरकतो. जन्मभर ज्याने राखले तेथेच शेवटी जावे, एवढेच त्याला कळते. आणि त्याच धारेवरून तो खाली जातो. शिकारी या क्षणाला भितात, कारण शिंगे मोडतात आणि मांस वाया जाते.

संस्कृतात ‘अज’ म्हणजे बोकड, आणि ‘अज’ म्हणजे न जन्मलेला. या एका शब्दावरून महाभारताच्या शांतिपर्वात मोठा वाद आला आहे. यज्ञात ‘अज’ म्हणजे धान्याचे बीज, असे ऋषी म्हणतात; बोकड, असे देव म्हणतात. निवाड्यासाठी उपरिचर वसू या आकाशगामी राजाला विचारले जाते. तो देवांचा पक्ष घेतो, आणि तत्काळ आकाशातून खाली पडून भूमीच्या विवरात जातो. प्राण्याला कड्यावरून पाडण्याच्या कथा पुष्कळ आहेत. पाडण्याला अनुमोदन देणारा पडला अशी ही एक.

आता नियमांकडे वळू. तिकडील सरकारांनी या शिकारीला पुष्कळ बंधने घातली आहेत. परवान्यांची संख्या ठरलेली असते, पुष्कळ ठिकाणी ते सोडतीने मिळतात. खाण्याजोगे मांस डोंगरावर टाकून येणे अलास्कात आणि ब्रिटिश कोलंबियात गुन्हा आहे. मारलेल्या जनावराची शिंगे अधिकाऱ्यांपुढे नेऊन दाखवावी लागतात; शिंगांवरील वलये मोजून वय काढले जाते. ही बंधने कशी आली, ते अल्बर्टा प्रांताच्या उदाहरणाने कळते. तेथे कळप घटत गेले आणि 1987 मध्ये शिकार सर्वस्वी बंद करावी लागली. 2001 मध्ये ती अगदी मोजक्या परवान्यांनी पुन्हा सुरू झाली. त्याच प्रांतातील कॉ रिज या डोंगरावर संशोधकांनी एकेक बकरा ओळखून वर्षानुवर्षे त्याचा मागोवा ठेवला. स्टीव्ह कोते आणि मार्को फेस्टा-बियांके यांचा त्याविषयीचा ग्रंथ 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातून स्पष्ट झाले की मादी बहुधा चार-पाच वर्षांची झाल्यावर प्रथम विते, एका वेळी एकच करडू देते, आणि ते वर्षभर जगेलच असे नाही. अशा कळपातून नर समजून दोन-चार माद्या मारल्या गेल्या, तर लहान कळप कायमचा खचतो. दोघांनाही शिंगे असल्याचा परिणाम हा असा. शिंगाच्या वळणाची जराशी चूक, आणि तिच्यापायी मागे राहिलेले करडूही गेले.

या नियमांचे मोल कमी लेखू नये. त्यांच्यामुळे पुष्कळ जीव वाचले आहेत. आपल्या देशात केरळातील एरविकुलम येथे मळेवाल्यांचे जे राखीव शिकारीचे रान होते, तेच 1975 मध्ये अभयारण्य आणि 1978 मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले, आणि आज निलगिरी ताहर या आपल्याकडील पहाडी बकऱ्याचा तो मोठा आधार आहे. परंतु परवाना आणि अभय यांत भेद आहे, तो पुसला जाता कामा नये. परवाना कळपाचा हिशेब करतो. या वर्षी इतके मारले तरी कळप टिकेल, असे तो सांगतो. अभय एका जिवाला दिले जाते. जानूखाली आलेला ससा रानातल्या सशांपैकी कितवा, हा प्रश्न तेथे उद्भवला नाही.

एवढा बळकट आसरा असलेला हा प्राणी आपण होऊन कडा सोडतो का? सोडतो, आणि हाच दृष्टान्ताचा गाभा आहे. वसंतात कोवळे गवत खाल्ल्यावर त्याच्या शरीराला मिठाची आणि खनिजांची ओढ लागते. कड्यावर मीठ नसते. तेव्हा तो कित्येक किलोमीटर खाली, दाट अरण्यातून, ज्या सपाटीवर त्याला वेग नाही त्या सपाटीवरून, खारट मातीच्या दरडींकडे जातो. लांडगे आणि अस्वले त्या वाटा जाणतात. मोंटाना राज्यातील ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानात नदीकाठी अशी एक दरड महामार्गालगत आहे. या बकऱ्यांसाठी तेथे रस्त्याखालून वाट सोडावी लागली आहे. मायाही करडाला घेऊन तेथे येतात. जी माय कड्यावर त्याच्या खाली उभी राहत होती, तीच त्याला लांडग्याच्या रानातून नेते.

वॉशिंग्टन राज्यातील ऑलिंपिक पर्वतात या मिठाने आणखी एक अनर्थ केला. तेथे हा प्राणी मूळचा नव्हता. शिकारीचा छंद पुरवावा म्हणून 1920 च्या दशकात दुसरीकडून डझनभर बकरे आणून सोडले. 1938 मध्ये तेथे राष्ट्रीय उद्यान झाले, शिकार थांबली, आणि बकरे वाढून हजारावर गेले. त्या डोंगरात नैसर्गिक मिठाच्या जागा जवळजवळ नाहीत. बकऱ्यांना मीठ सापडले ते गिर्यारोहकांच्या घामात आणि मूत्रात. ज्या मनुष्याच्या वासाने तो एरवी शिखर गाठतो, त्याच मनुष्याच्या मागे तो वाटेवर चालू लागला, त्याचे कपडे चाटू लागला. 2010 मध्ये अशाच एका धीट झालेल्या नराने शिंग मारून एका प्रवाशाचा प्राण घेतला. पुढे 2018 ते 2020 या काळात 325 बकरे पकडून, डोळ्यांवर पट्टी बांधून, हेलिकॉप्टरला टांगून नेऊन दुसऱ्या पर्वतांत सोडले. मागे राहिलेल्यांवर गोळ्या झाडण्यात आल्या. आणणारा मनुष्य, खोड लावणारा मनुष्य, आणि शेवटी अपराधी ठरला तो बकरा. खेळासाठी केलेली एक हिंसा सुमारे शंभर वर्षांनी कोणाच्या खाती कशी वसूल होते, याचा यापेक्षा स्पष्ट दाखला क्वचितच मिळेल.

दार्ष्टान्तिक असे. बकरा म्हणजे साधक. कडा म्हणजे आचार. अटन, विजन, भिक्षा, निःसंगता हे आचार अवघड खरे, परंतु त्या अवघडपणातच साधकाचे रक्षण आहे. सपाटीवर त्याला वेग नाही. साधक खाली पाहत असतो. स्त्री, धन, कलह हे खालून येतात, त्यांच्याविषयी तो सावध असतो. परंतु आपल्या आचाराचा अभिमान खालून येत नाही. तो वळसा घालून माथ्यावर येतो, आणि अनुकूल वाऱ्यात त्याचा वासही लागत नाही. आणि मीठ म्हणजे स्तुती. विजनात ती मिळत नाही, म्हणून तिची ओढ अधिक. गावोगावी मोठ्या आदराने दंडवत घडतात, उतरण्याची सोय होते, उपाहार होतात, नाव छापून येते. यात देणाऱ्या वासनिकांचा दोष नाही; त्यांचा भाव शुद्ध असतो. परंतु ज्याने एकदा त्या मिठाची चव घेतली तो पुन्हा पुन्हा त्याच वाटेने खाली येतो, आणि दरवेळी कडा थोडा अधिक लांब राहतो. हमरस्त्यालगत मठ बांधण्याची जी चढाओढ अलीकडे दिसते, तिच्याकडे या दृष्टीने कोणी पाहिले तर ते अप्रस्तुत ठरू नये.

त्या पर्वतांत परंपरेने राहणाऱ्या गिटक्सान व त्सिम्शियन लोकांत या प्राण्याविषयी एक पुरातन कथा आहे. फ्रान्झ बोआस यांनी 1916 मध्ये प्रसिद्ध केलेल्या त्सिम्शियन कथासंग्रहात ती आली आहे. स्कीना नदीकाठी टेम्लहाम नावाचे गाव होते. तेथील लोक गरज नसता बकरे मारू लागले. एकदा एक जिवंत करडू गावात आणले. पोरांनी त्याचे हाल चालवले. एका तरुणाने ते त्यांच्या हातून सोडवले आणि डोंगराकडे पाठवून दिले. काही काळाने परके पाहुणे गावात आले आणि सर्वांना मेजवानीचे आमंत्रण देऊन गेले. गाव डोंगरावर गेले. मोठे घर, नाच, अन्न. त्या तरुणाला एकाने बाजूला खांबाशी बसवले. मध्यरात्री घर कोसळले. वास्तविक तेथे घर नव्हतेच, कड्याची धार होती, आणि पाहुणे होते ते बकरे. गाव दरीत गेले. तरुण मात्र पहाटे एका अरुंद कपारीवर एकटाच होता. खाली जाण्यास वाट नाही. तेव्हा ज्याला त्याने सोडवले होते तो बकरा आला. त्याने आपले कातडे आणि खूर त्या तरुणाला घालावयास दिले, आणि त्यांच्या बळावर तो कडा उतरून गेला.

या कथेतील लोक वेद जाणत नाहीत, शास्त्र जाणत नाहीत. तरीही अवघड जागी दुसऱ्याचा आसरा झालेल्यास शेवटी त्या जागेचे खूर मिळतात, हे त्यांना उमगले होते. याच किनाऱ्याकडील सॅलिश जमातींच्या स्त्रिया उन्हाळ्याच्या आरंभी डोंगरात जात आणि बकऱ्यांनी झुडपांना अंग घासून टाकलेली लोकर वेचून आणीत. तिच्या धाबळ्या विणीत. शिकारीतूनही लोकर मिळे, ते खरे. पण झुडपाला अडकलेली लोकर घेताना कोणाचा कडा हिरावला जात नव्हता.

लीळेचा शेवट पुष्कळदा घाईने सांगितला जातो. पारध्यांची पैज, त्यांचा मान, त्यांची शस्त्रे हे सर्व समोर उभे असता सर्वज्ञांनी ससा दिला नाही. तो शरण आलेला आहे, एवढेच कारण त्यांना पुरले. पारधी निघून गेले. श्वान गेले. रान पुन्हा शांत झाले. सशाला तेथेच ठेवून घेतले नाही, त्याला पाळले नाही, त्याच्यापुढे मीठ ठेवले नाही. जानू उचलला, आणि एखाद्या थोर पुरुषाला निरोप द्यावा तशा आदराच्या शब्दाने त्याला संबोधून, आता जावे, असे सांगितले.